पाव फेरा

दर गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास सहा माणसं बंद कारखान्याच्या मागच्या दाराने आत शिरायची आणि दुपारी घामाने निथळत बाहेर यायची. पगार नाही, हजेरी नाही, कुणी बोलावलेलं नाही. कारखाना बंद होऊन वर्ष होत आलं होतं. आत काय करता, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं होतं, कागदाचं मशीन पाव फेरा फिरवतो. कशाला, ते समजावून सांगायला मात्र वेळ लागे, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'वेडे आहेत झालं' असं उमटायच्या आत ते आटपावं लागे.

गोष्ट अशी की कागदाच्या मशीनमध्ये पोलादाचे मोठे रोल असतात. माणसाच्या कमरेपेक्षा जाड आणि घरातल्या खोलीपेक्षा लांब. चालतात तोवर सरळ राहतात. पण एकाच कुशीवर महिनोन्महिने पडून राहिले की स्वतःच्याच वजनाने मधोमध वाकतात. वाकतात ते केसभरच, पण कागदाला केसभर पुष्कळ झालं. म्हणून मशीन बंद असलं तरी दर आठवड्याला रोल हाताने फिरवायचे. रोलच्या टोकाला खडूची खूण असते. ती या गुरुवारी वर असेल तर पुढच्या गुरुवारी उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे. दोघांनी लांब कांब लावून रेटायचं आणि तिसऱ्याने खुणेवर डोळा ठेवून 'बास' म्हणायचं.

तो 'बास' म्हणणारा फिटर हा आपल्या गोष्टीचा माणूस. कारखान्यात त्याला कानमास्तर म्हणत. लोखंडी सळईचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून तो कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचा, आणि ते उघडलं की तेच निघायचं. घरी बायकोने दोन हातांवरून तीनदा सांगितलेलं त्याला ऐकू जात नसे, ही गोष्ट वेगळी. 'कानमास्तर म्हणे,' ती म्हणायची, 'लोखंडाचे असतील कान. माणसांसाठी काही उरलेलं नाही.'

हे रोल फिरवण्याचं खूळ त्यानेच काढलं होतं आणि बाकीच्या पाचांच्या गळी उतरवलं होतं. वॉचमन ओळखीचा, तो दार उघडून दुसरीकडे बघायचा. मॅनेजरलाही ठाऊक होतं, पण फुकटात होतंय म्हटल्यावर तोही मूग गिळून गप्प होता. फिटरचं म्हणणं एवढंच होतं की उद्या सरकारची मदत आली, कंपनीने सुरू करायचं म्हटलं, आणि मशीनच वाकलेलं निघालं तर काय तोंड दाखवणार?

त्याला खरी ओढ होती ती मुलाची. मुलगा त्याच मशीनवर कामाला होता, सुकवणीच्या बाजूला. कारखाना बंद झाल्यावर सहा महिने तो इकडेतिकडे हातपाय मारत राहिला, आणि मग बायको आणि लहान मुलगी घेऊन लांबच्या शहरात गेला, एका गोदामात माल उचलायला. तिथे दोन कुटुंबांत मिळून एक स्वयंपाकघर होतं. नात फोनवर कुजबुजत बोलायची, कारण पलीकडच्या खोलीतला माणूस झोपलेला असे. जाताना मुलगा स्टँडवर म्हणाला होता, 'बाबा, मशीन चाललं की दुसऱ्या दिवशी मी इथे.' बोलायचं म्हणून बोलला असेल. पण बापाने ते शब्द गाठीला बांधून ठेवले आणि दर गुरुवारी रोल फिरवून घेत राहिला. गुडघे तक्रार करत, तो त्यांना दाद देत नसे. खरं सांगायचं तर कारखाना बंद झाल्यापासून त्याने दुसरं काहीच मनापासून केलं नव्हतं. माणूस वाट बघायला लागला की त्याला काहीतरी हाताला लागतं, त्याच्या हाताला रोल लागले.

मग निवडणूक आली आणि तिच्याबरोबर मंत्री आले. कारखान्याच्या फाटकासमोर मंडप पडला. मंत्र्यांनी डोक्यावर कामगाराचं हेल्मेट घातलं, ते कपाळावर घसरत होतं, आणि दर चार वाक्यांनी ते एका बोटाने वर सारत ते बोलले. सरकार या कंपनीच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे, म्हणाले. कंपनीला बुडू देणार नाही. आणि मग, आवाज चढवून, 'या कारखान्यातलं एकही यंत्र भंगारात जाणार नाही, हा माझा शब्द आहे.'

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या फिटरच्या. यंत्राबद्दल बोलणारा मंत्री तो जन्मात पहिल्यांदा बघत होता, त्याचा ऊर भरून आला. त्या भाषणात माणसांबद्दल एक अक्षर नव्हतं, हे त्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते कुणी बोललं नाही. अशी भाषणं शब्द तोलून लिहिणारी माणसं असतात, आणि त्यांना त्याचाच पगार मिळतो.

मंत्री निवडून आले. कंपनीला मदत मंजूर झाली. टीव्हीवर कंपनीचे मोठे साहेब आणि मंत्री हातात हात घालून हसताना दिसले आणि खाली पट्टी फिरली, 'कंपनी वाचली'. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली आणि ती पट्टी तीनदा फिरेपर्यंत उभी राहिली.

'फोन करू त्याला?' तिने विचारलं.

'थांब,' फिटर म्हणाला. 'टीव्हीचं काय घेऊन बसलीस. मशीन चाललं की करू. एकदा आशेला लावून तोंडघशी पाडायचं नाही पोराला.'

शहाणपणाचं बोलला तो. त्याचं दुर्दैव असं की बायकोने ते नीट ऐकून ठेवलं.

तीन आठवड्यांनी मॅनेजरचा निरोप आला. बुधवारी कंपनीच्या मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर येणार आहे, मशीन चालवून दाखवायचं आहे. लगदा नाही, कागद नाही, नुसतं वाफेवर गरम करून रिकामं फिरवायचं. बॉयलरवाल्यालाही बोलावलं आहे. बॉयलरवाला म्हणजे फिटरचा तीस वर्षांचा जोडीदार, गुरुवारच्या सहांपैकी एक. जाडजूड, तापट, आणि मित्रासाठी जीव टाकणारा.

मंगळवारी संध्याकाळी कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघाला. चौदा महिन्यांनी. गल्लीतली माणसं घरातून बाहेर येऊन माना वर करून बघत राहिली, आणि फिटर घरी आला तेव्हा बायकोने मुलाच्या खोलीचे पडदे काढून भिजत घातले होते.

'नुसती तपासणी आहे गं,' तो म्हणाला.

'मी कुठे काय म्हटलं? पडदे मळले होते.'

दोघंही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू आलं होतं, आणि ते येताना थोडं बुजल्यासारखं आलं.

बुधवारी सकाळी सातला इंजिनिअर आला. तरणाबांड, बोलायला गोड, हातात धातूची एक छोटी पेटी. पेटीतून त्याने घड्याळासारखी काट्याची चकती काढली, ती पहिल्या रोलवर टेकवली आणि रोल हळूहळू फिरवायला सांगितला. रोल वाकलेला असेल तर काटा हलतो. काटा हलला नाही. दुसऱ्या रोलवर लावली, हलला नाही. पाचव्या रोलला इंजिनिअरने चकती झटकून पाहिली, बिघडली तर नाही ना म्हणून.

'चौदा महिने बंद होतं ना हे?' त्याने विचारलं. 'कुणी फिरवत होतं का?'

'दर गुरुवारी,' फिटर म्हणाला. छाती दोन बोटं पुढे आली होती. 'एक गुरुवार चुकवला नाही.'

'काका, तुम्ही कमाल केलीत,' इंजिनिअर मनापासून म्हणाला. 'खरंच सांगतो, मला पाठवलं होतं ते नाही म्हणायला. रोल वाकलेले असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण हे तर उद्या नेऊन परवा चालू करता येईल.'

'नेऊन?' फिटर म्हणाला.

इंजिनिअर गोंधळला. आपण काय बोलून बसलो ते त्याला समोरच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मॅनेजर तेवढ्यात कुठेतरी नाहीसा झाला होता, ही त्या माणसाची जुनी कला.

'तुम्हाला सांगितलं नाही कुणी?' इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला. 'मदतीची अट आहे, कुठलंही मशीन पडून राहू द्यायचं नाही, वर्षात वापरात आणायचं. म्हणून हे मोठ्या कारखान्यात हलवायचं ठरलं आहे, चांगलं असेल तर. वाकलेलं असतं तर हलवणं परवडलं नसतं.'

'मग काय केलं असतं?'

'काय की. कदाचित इथेच दुरुस्त करून चालवलं असतं. कदाचित नसतंही. मला खरंच माहीत नाही, काका.'

फिटरने रोलवर हात ठेवला. रोल गार होता. मंत्र्याने दिलेला शब्द अक्षरशः पाळला जाणार होता. एकही यंत्र भंगारात जाणार नव्हतं. सगळ्या कारखान्याच्या तोंडाला पानं पुसून झाली होती, आणि ती पुसायला दर गुरुवारी येऊन मदत केली होती त्यानेच.

'तुम्ही माणसं घेणार का तिकडे?' त्याने विचारलं.

'तिकडे माणसं आहेत,' इंजिनिअर म्हणाला, आणि पेटी बंद करून चहाला निघून गेला. मशीन तापायला चार तास तरी लागणार होते. ते तापवायचं काम फिटरचंच होतं.

सुकवणीचे सिलिंडर ओतीव लोखंडाचे असतात. त्यांना वाफ सबुरीने द्यावी लागते. मुख्य व्हॉल्व्हचं चाक पाव फेरा उघडायचं, थांबायचं, लोखंडाला हात लावून बघायचं, मग आणखी पाव. कुणी घाई करून सगळी वाफ एकदम सोडली तर गार लोखंड तडकतं, आणि तडकलेला सिलिंडर कुणी फुकटही नेत नाही. फिटर चाकाशी उभा होता. बॉयलरवाला जिना उतरून आला तेव्हा त्याने त्याला सगळं सांगितलं. दोन मिनिटांत सांगून झालं.

  बॉयलरवाल्याने चाकाकडे बोट दाखवलं.

'उघड सगळं.'

'अरे...'

'उघड म्हणतो ना. वाफ माझ्याकडे भरपूर आहे. पाच मिनिटांचं काम. म्हणावं, जुनं लोखंड, चौदा महिने गार, तडकलं. कोण विचारतंय? मग नेतील काय, कपाळ?'

फिटरचे दोन्ही हात चाकावर होते. त्याच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. इंजिनिअर बोलत होता तेव्हाच आलं होतं. वाकलेलं मशीन, तडकलेलं मशीन, म्हणजे इथेच राहणारं मशीन. कदाचित. त्या एका 'कदाचित'मध्ये त्याचा मुलगा होता, नात होती, सुकायला घातलेले पडदे होते.

त्याने चाक पाव फेरा फिरवलं आणि थांबला.

'मला नाही जमणार,' तो म्हणाला.

'का? इमानदारी? कुणाशी रे? त्या हेल्मेटवाल्याशी?'

'इमानदारी कसली,' फिटर म्हणाला. 'मला ते चाललेलं ऐकायचंय.'

हेच खरं होतं, दुसरं काही नाही. त्याच्याकडे तत्त्व नव्हतं, हिशेब नव्हता, धाडसही नव्हतं. चौदा महिने त्याला स्वप्नात तो आवाज येत होता आणि जाग आली की खोलीत घड्याळाची टिकटिक उरायची. आज दुपारी तो आवाज खरा येणार होता. एकदाच का होईना. भुकेल्यासमोर ताट आलं की तो ते कुणी वाढलं हे विचारत नाही.

बॉयलरवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. 'तू या मशीनचा नवरा आहेस,' तो म्हणाला. 'माणसांचा तू कुणी नाहीस.' आणि जिना चढून वर गेला. पण वाफ त्याने नीटच दिली, एकसारखी, जशी तीस वर्षं दिली होती तशी. त्यालाही दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने देता येत नसावी.

दुपारी दोनला मशीन चाललं.

आधी नुसती एक थरथर, टाचांतून पोटऱ्यांपर्यंत येणारी. मग घरघर. मग एकेक रोल वेग धरत गेला आणि सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळून तो जुना खालच्या पट्टीतला घुमारा उभा राहिला, जो गावात कुणी ऐकत नसे कारण तो कायम असे, आणि जो गेल्यावर कित्येकांची झोप उडाली होती. फिटरने सळई कानाला लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. एकही बेअरिंग कुरकुरत नव्हतं. त्याला आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद झाला. डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. जग त्या वेळात जसं हवं तसं होतं, सगळी माणसं आपापल्या जागी होती, मुलगा सुकवणीच्या बाजूला उभा होता आणि आता मान वळवून काहीतरी ओरडून सांगणार होता.

इंजिनिअरने घड्याळ पाहिलं आणि हात वर केला. 'बास,' तो म्हणाला.

फाटकाबाहेर शंभरेक माणसं जमली होती. कुणी कारखान्याचा निळा सदरा कपाटातून काढून घालून आलं होतं, घड्यांच्या रेघांसकट. कँटीनवाली बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली होती. फिटर बाहेर आला तसे लोक त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले.  मागून बॉयलरवाला आला आणि त्याने एका दमात, कुणाकडे न बघता, सगळं सांगून टाकलं. थापा थांबल्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत, तेवढी सुद्धा कुणात ताकद नव्हती. कँटीनवाल्या बाईने किल्ल्या पिशवीत टाकल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं. फिटर गर्दीतून वाट काढत घराकडे निघाला. रस्ता दहा मिनिटांचा, त्याला अर्धा तास लागला.

दार उघडंच होतं. मुलाच्या खोलीत धुतलेले पडदे अर्धवट टांगलेले होते आणि बायको स्टुलावर उभी होती. चेहरा असा उजळलेला की त्याने खाली पाहिलं.

'अहो, मी त्याला ऐकवलं,' ती म्हणाली. 'सुरू झालं तशी गच्चीवर धावले आणि फोन कठड्यावर धरून उभी राहिले. शेवटपर्यंत. हात भरून आला, पण खाली केला नाही. रडत होता हो तो. त्या गोदामात, सगळ्यांसमोर.'

'तुला म्हटलं होतं मी, थांब.'

'तुम्हीच म्हणाला होतात, मशीन चाललं की कळवू. चाललं ना?'

तो काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता. तिने स्टुलावरूनच फोन त्याच्याकडे दिला.

'बाबा,' मुलगा म्हणाला. आवाजात धाप होती, जिने चढून आल्यासारखी. 'पुढचे मोठे रोल किती स्वच्छ वाजत होते हो. तुम्ही फिरवत होतात म्हणूनच. मी इथल्या साहेबांना सांगून टाकलं आत्ताच, महिनाअखेर सोडतो म्हणून. ते म्हणाले, उद्याच दुसरा माणूस बघतो. चालेल म्हटलं. आता सांगा, कधीपासून घेतील?'

फिटरने बायकोकडे पाहिलं. ती पडद्याची कडी दातात धरून हसत होती. आत्ता सांगितलं तर दोघांना एकदमच सांगून होणार होतं.

'घेणार नाहीत,' तो म्हणाला. 'मशीन नेताहेत. मोठ्या कारखान्यात. आज त्यासाठीच चालवून बघितलं.'

फोनमध्ये गोदामातला गोंगाट ऐकू येत होता. कुणीतरी आकडे ओरडून सांगत होतं.

'तुम्हाला ठाऊक होतं?' मुलाने विचारलं. 'चालवायच्या आधी?'

'हो.'

'मग चालवलंत कशाला?'

बॉयलरवाल्यानेही असंच विचारलं होतं, आणि त्याला फिटरने उत्तर दिलं होतं. तेच उत्तर त्याने मुलाला दिलं नाही. 'चुकलं माझं,' तो म्हणाला. 'चुकलं रे.'

बायको स्टुलावरून उतरली. तिने दातातली कडी काढून खिडकीत ठेवली आणि फोन त्याच्या हातातून घेतला.

'नीट ऐक,' ती मुलाला म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता, घरात सगळं विस्कटलं की व्हायचा तसा. 'आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जा. दुसरा माणूस बघायच्या आत जा. म्हणावं, आईने घाईघाईत चुकीचं सांगितलं. म्हणावं, म्हातारी आहे, तिला समजत नाही. पाया पड लागलं तर. हो. मग फोन कर.'

तिने फोन बंद केला आणि तो पलंगावर ठेवून ती त्याच्या शेजारी बसली. दोघंही भिंतीकडे बघत बसली. बाहेर गल्ली शांत होती. तिचा उजवा हात अजून भरलेला होता, आणि ती तो डाव्या हाताने चोळत होती.

'किती वेळ चाललं होतं?' तिने विचारलं.

'वीस मिनिटं.'

'वीसच?' ती म्हणाली. 'मला बरीच जास्त वाटली.'